डब्यातला समुद्र

फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात कर्करोगावर लिहू नये, असे आमच्या घरात सगळ्यांचेच म्हणणे पडले. बायको म्हणाली, "लोक दिवाळीला चार घटका हसायला म्हणून अंक घेतात." तिचे खरे आहे. पण ज्या प्रकरणावरून मी लिहायला बसलो, ते गेल्या दिवाळीतच आमच्या घरी घडले आणि तेही चकलीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या एका दुसऱ्या डब्यामुळे. तेव्हा वाचकांनी यंदा एवढी मुभा मला द्यावी.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे पुढे कोणाची निराशा व्हायला नको. मी मॅट्रिक. चेंबूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि त्याचे दुःख दोघांनाही झाले नाही. या लेखात जे काही विज्ञान आहे ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जी आता सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, यंदाचा अख्खा पावसाळा खर्चून माझ्या डोक्यात उतरवले. राग मात्र संपूर्ण माझा आहे.

माझी थोरली बहीण घाटल्याला राहते. आम्ही तिला ताई म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. आधी लाल रंगाच्या औषधाच्या चार सलाईन झाल्या. केस गेले, नखे काळी पडली, वरणाचा वाससुद्धा सोसेना. पण गाठ विरघळू लागली. त्यानंतर दुसरे एक औषध दर आठवड्याला एक, असे बारा आठवडे द्यायचे होते. त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका सभागृहात व्याख्यान झाले. विषय होता, 'समुद्रातील बुरशी : कर्करोगाला निसर्गाचे उत्तर'. भावोजी ताईला घेऊन गेले, आणि मीही गेलो. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

वक्ते गोड बोलत होते. समुद्राच्या तळाशी, खारफुटीच्या मुळांशी, शेवाळावर, स्पंजांत वाढणाऱ्या बुरशींपासून शास्त्रज्ञांनी शेकडो द्रव्ये वेगळी केली आहेत. त्यांतल्या कितीतरी द्रव्यांनी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारल्या आहेत. परदेशी कंपन्या त्यावर कोट्यवधी खर्च करीत आहेत. पडद्यावर रंगीत चित्रे होती. आणि हे लक्षात ठेवा, तोपर्यंत त्यांनी एकही वाक्य खोटे उच्चारले नव्हते. मग ते म्हणाले, "रुग्णालयात तुम्हांला देतात ते केमिकल. आम्ही देतो तो निसर्ग." आणि टेबलावरचा कापडाखाली झाकलेला ढीग उघडा झाला. एका डब्याला चार हजार आठशे रुपये. महिन्याला दोन डबे.

डब्याचे नाव मी छापत नाही. छापले तर उद्या निराळ्या नावाने तीच पूड बाजारात येईल, आणि वाचकाला वाटेल की वाईट होता तो तेवढा एक डबा.

ताईने बारापैकी एकही सलाईन घेतली नाही. धनत्रयोदशीला तिच्या स्वयंपाकघरात तो डबा चकलीच्या डब्याशेजारी होता, आणि ती मला म्हणाली, "बघ, तोंडाला चव आली!" चव येणारच होती. लाल औषध थांबून महिना झाला होता. सात आठवड्यांनी काखेत नवी गाठ हाताला लागली. मग पुन्हा तेच रुग्णालय, तीच रांग. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावरची जुनी तारीख खोडली आणि नवी घातली. ती रेघ मारताना मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. मी चित्रकलेचा मास्तर. रेघेत काय असते ते मला कळते.

पहिल्या सलाईनच्या वेळी मी ताईच्या उशाशी बसलो होतो. रिकामे डोळे कुठे तरी लावायचे म्हणून बाटलीवरचे नाव वाचले : पॅक्लिटॅक्सेल. वहीत उतरवून घेतले आणि संध्याकाळी विद्यार्थिनीला विचारले, "हे कुठले केमिकल ग?" ती म्हणाली, "सर, हे एका झाडाच्या सालीतून आलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकेच्या वायव्येकडील जंगलात यू नावाचे एक झाड आहे. १९६२ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची साल गोळा केली. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी त्या सालीतले औषधी द्रव्य शोधून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि मग अमेरिकेत गेले. २०२० साली वारले. ते द्रव्य पेशीच्या विभाजनात नेमकी कुठे खीळ घालते हे १९७९ मध्ये सूझन हॉर्विट्झ यांनी दाखवले. रोग्यांना ते औषध म्हणून देण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली १९९२ साली, आणि तीही आधी अंडाशयाच्या कर्करोगासाठी. स्तनाच्या कर्करोगासाठी आणखी दोन वर्षे लागली. सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षे!

आणि ते आधीचे लाल औषध? इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत बुरशीसारखे तंतू काढणारा एक जिवाणू सापडला. त्याच्याच एका बदललेल्या वाणापासून ते मिळाले. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव ठेवले ॲड्रियामायसिन. म्हणजे माझ्या बहिणीने मातीतल्या जिवाणूचे आणि झाडाच्या सालीचे औषध 'केमिकल' म्हणून सोडले, आणि कशाची ते कोणालाच ठाऊक नसलेली पूड 'निसर्ग' म्हणून घेतली. हा विनोद कादंबरीत घातला असता तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापला असता.

आता समुद्री बुरशीविषयी. कारण मी त्या बुरशीचा वैरी नाही. उलट तिच्या वतीनेच भांडायला बसलो आहे. बुरशीला पाय नाहीत, दात नाहीत. खाऱ्या पाण्यात कुजणाऱ्या लाकडावर ती बसते, आणि त्याच घासावर टपलेल्या असंख्य जिवाणूंना दूर ठेवायचे तर तिच्याजवळ एकच शस्त्र असते, ते म्हणजे रसायन. हजारो पिढ्यांच्या भांडणात तयार झालेली ही विषे आहेत. त्यांतले एखादे माणसाच्या कामी येऊ शकते हा भ्रम नव्हे, अनुभव आहे. सार्डिनिया बेटावर काल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्सू या प्राध्यापकाने १९४५ साली, जिथे गावाचे सांडपाणी समुद्राला मिळते त्या ठिकाणच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यातून पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सेफॅलोस्पोरिन काढले. त्या घराण्यातले पहिले औषध १९६४ साली बाजारात आले. वाचकहो, तुमच्या नातवंडाला घसा धरल्यावर डॉक्टर जी सेफॅलेक्सिन किंवा सेफिक्झाइम लिहून देतात, ती याच बुरशीची नातवंडे.

पण ते जंतूंविरुद्ध. जंतू आपल्याहून इतका वेगळा की त्याला मारून आपल्याला वाचवता येते. कर्करोगाची पेशी परकी नसते. ती आपलीच पेशी, वाट चुकलेली. तिला मारील ते विष तिच्या शेजारणीलाही सहसा सोडत नाही. विद्यार्थिनीने मला एक वाक्य सांगितले, ते मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावे म्हणतो : काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी फिनेलही मारते. प्रश्न मारण्याचा नाही. किती थोड्यात मारते, कोणाला सोडते, आणि यकृताशी, मूत्रपिंडाशी भांडण झाल्यावर किती शिल्लक उरते, हे प्रश्न बशीला विचारता येत नाहीत.

बशीतून पुढे निघालेल्या समुद्री बुरशीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हॅलिमेडा नावाच्या समुद्री शेवाळावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस कुळातल्या एका बुरशीत कॅलिफोर्नियातल्या विल्यम फेनिकल यांच्या प्रयोगशाळेला एक द्रव्य मिळाले. त्याच्यावर हात फिरवून कारागिरांनी प्लिनाब्युलिन घडवले. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या साडेपाचशेहून अधिक रोग्यांवर, नेहमीच्या औषधाच्या जोडीला देऊन, त्याची चाचणी झाली. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, ती घट रोखायलाही ते वापरून पाहिले. त्या दुसऱ्या उपयोगासाठी कंपनीने परवानगी मागितली तेव्हा २०२१ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितले की एका चाचणीचा पुरावा पुरेसा नाही, दुसरी करा. समुद्री बुरशीच्या द्रव्यांतले हे सर्वांत पुढे गेलेल्यांपैकी एक. त्याची ही कथा. आणि आमच्या सभागृहात मात्र बुरशीने परीक्षेला न बसता पहिला वर्ग मिळवला!

'नैसर्गिक' या शब्दाचा मला आता धसका बसला आहे. याच अ‍ॅस्परजिलस कुळात दुसरी एक बुरशी आहे, ती ओल्या शेंगदाण्यावर, मक्यावर चढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष करते. त्या विषाने यकृताचा कर्करोग होतो. १९७४ साली गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात तसला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. एकाच कुळातली एक बहीण औषधाच्या दारात उभी, दुसरी खुनी. आणि दोघीही शंभर टक्के नैसर्गिक. त्या डब्यात या दोघींपैकी कोण होती, की नुसताच तांदळाचा भुगा होता, हे कोणी तपासले?

यावर आमचे शेजारी म्हणाले, "मास्तर, आशा तरी राहू द्या की माणसाला!" हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले, आणि ते बोलणारे सगळे सज्जन आहेत. पण आशा कोण हिरावून घेत आहे? सात आठवडे कोणी नेले? लाल औषधाने ओहटीला लागलेला रोग पुन्हा भरतीला कोणी आणला? कर्करोगावर रामबाण म्हणून जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. म्हणून तर पत्रकावर 'संभाव्य' हा शब्द होता. मुंगीएवढ्या अक्षरांत, पण होता. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस. एका चांगल्या, प्रामाणिक शब्दाला असे चोराच्या घरी पहारेकरी म्हणून उभे केलेले पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शास्त्रज्ञ 'संभाव्य' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचे असते, 'अजून नाही'. आमच्या कानांना ऐकू येते, 'झालेच समजा'.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या वक्त्याने ताईचे ऐकून घेतले. अर्धा तास. तिला झोप लागते का, घरी कोण करते, भीती कसली वाटते, सगळे विचारले. मोठ्या रुग्णालयात दारात दोनशे माणसे उभी असताना डॉक्टर दोन मिनिटे देतो, आणि त्या दोन मिनिटांत त्याने जर एवढेच सांगितले असते की, "बाई, हे पुढचे औषध झाडाचे आहे," तर माझी खात्री आहे, ताई त्या डब्याकडे वळली नसती. डबा विकला जातो तो या न बोललेल्या वाक्याच्या जागेत.

आता वाचक विचारील, परदेशांतल्या समुद्रांशी चेंबूरचा काय संबंध? आमच्या मागेच तर माहुलची खाडी आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या ओलांडल्या की तिवरांची रांग आणि पलीकडे चिखल. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेव्हा कॅमेरे घेऊन गर्दी होते. एरवी तिथे कोणी फिरकत नाही. विद्यार्थिनीने मला एका रविवारी तिथे नेले आणि भरतीने आणून टाकलेला लाकडाचा एक कुजका तुकडा उचलून हातात दिला. त्यावर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसत होते. ती म्हणाली, "सर, ही समुद्री बुरशी. हिचं नाव काय, हे सांगायलाच मला दोन आठवडे लागतील." मी त्या ठिपक्यांचे चित्र काढले. आयुष्यात इतके बारीक काम मी केले नव्हते.

या ठिपक्यांची मोजदाद करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोणती समुद्री बुरशी किती वेळा सापडते, यावर बी. डी. बोरसे यांनी १९८८ मध्ये निबंध लिहिला; पुढे २०१२ मध्ये त्यांनी आणि गोव्याच्या डी. जे. भट आदींनी मिळून भारतातल्या समुद्री बुरशींचा ग्रंथच काढला. बोरसे धुळ्याचे प्राध्यापक. वाणी नंदुरबारचे, बोरसे धुळ्याचे. ज्या खानदेशाला समुद्राचा वाराही लागत नाही तिथली माणसे हे करतात, आणि आम्ही खाडीकाठचे लोक तिथे काय नेऊन टाकतो, ते पुढे सांगतो.

त्याआधी नरक्याची आठवण. सह्याद्रीत घाणेरड्या वासाचे हे झाड आहे. नावच त्यावरून पडले. वाणी आणि वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य शोधले होते. तेच आपल्या नरक्यातही आहे, हे १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी प्रसिद्ध केले. कुठून? गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून. आपल्याच उपनगरातून! कॅम्प्टोथेसिन जसेच्या तसे रोग्यांना दिले तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या; त्याला बदलून केलेली आयरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे आली ती १९९० नंतर, परदेशांत. आपल्या वाट्याला काय आले? कुऱ्हाड. चंदगड, दोडामार्गच्या जंगलांतून नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या आपण कैक वर्षे वाचल्या. २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवले की नरक्याच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशीसुद्धा तेच द्रव्य करते. झाड न तोडता पिंपात औषध! यूच्या झाडातल्या बुरशीबद्दलही १९९३ मध्ये हीच आशा जगभर गाजली होती. पण झाडापासून तोडून वाढवली की पिढ्यांगणिक बुरशीची ही विद्या क्षीण होत जाते. तिला तिचे घर लागते. घर मोडून पाहुणा सांभाळता येत नाही.

आणि खाडीतल्या बुरशीचे घर म्हणजे हा चिखल आणि ही तिवरे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. ठाणे खाडीतले रोहित अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. कागद उत्तम आहेत. आमच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला तेव्हा जुन्या भिंतींचा राडारोडा उचलायला दोन ठेकेदार आले. एक महाग, एक स्वस्त. स्वस्त ठेकेदार माल कुठे नेतो हे सभेत कोणी विचारले नाही. हात वर झाले. माझाही झाला. पुढे एका पहाटे खाडीकडच्या रस्त्यावर तिवरांच्या मुळांवर ओतलेल्या ढिगात मी आमच्या जिन्याची हिरवी फरशी ओळखली. त्याच सभेतले निम्मे लोक सभागृहात 'सागराची देणगी' ऐकून माना डोलावत होते. सहा-सात जणांनी डबे घेतले. चार हजार आठशे देऊन समुद्र विकत घ्यायचा, आणि फुकट मिळालेल्या समुद्रावर विटा ओतायच्या!

त्या ढिगाची तक्रार मी केली आहे. तक्रार अर्जदाराचा पत्ता लिहिताना आमच्याच सोसायटीचे नाव घालावे लागले, त्यामुळे सध्या जिन्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. विद्यार्थिनीला त्या ठिपक्यांचे नाव अजून पूर्ण खात्रीने लागलेले नाही. तिने दोन शक्यता सांगितल्या आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह केले. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडले.

ताईच्या बारा सलाईन झाल्या, शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठीमुळे आता किरणोपचार वाढवले आहेत. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी तपासणीची तारीख आहे. यंदा चकल्या तिने केल्या नाहीत, पण भाजणी स्वतः दळून आणवली आणि माझ्या बायकोला मोहन किती घालायचे यावर दोनदा ओरडली.

परवा बाजारात त्या सभागृहाबाहेर नवा फलक पाहिला. तेच वक्ते, मार्गशीर्षात. या वेळी विषय खोल समुद्रातील शेवाळ. प्रवेश विनामूल्य. ताई म्हणाली, "आपण जाऊ." मी चमकून पाहिले. "अरे, पॅक्लिटॅक्सेलची रिकामी बाटली जपून ठेवलीये मी," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसू."